सातवी पिढी

विजयदुर्गच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्याला लागून
मच्छीमार सोसायटीचं ऑफिस.
तिथला संगणक फुलाफुलांच्या फडक्यात,
लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा.

मी पडेलवरून स्कूटरनं आले. पिशवीत
स्क्रू-ड्रायव्हर, खोडरबर, दोन पेनड्राइव्ह
आणि भजी, कारण वाटेत वास आला.

"ऑक्टोबरनंतर म्हणे ह्येका कोण विचारूचो नाय,"
भिकाजी जुवाटकर म्हणाले.
रोज स्क्रीनवर एक निळी चौकट येते
आणि रोज ते तिला 'नंतर आठवण करा' म्हणून
दारातून परत पाठवतात.
"पण चालता मां? मगे?"

मागचे चार स्क्रू. तीन गंजून पत्र्याशी एकजीव,
चौथा फिरला, नुसताच जागच्या जागी.
पक्कड लावून उघडलं तेव्हा
आत वाळू. खरोखरची, चिमूटभर.
पालीच्या अंड्यांची दोन टरफलं,
पंख्याच्या पात्यांवर खाऱ्या वाऱ्याची साय.
रॅमची पट्टी काढून
खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले.
चार जीबी. लागते तेवढीच, काठोकाठ.
डिस्क निम्मी रिकामी.

टीपीएमची चिप नाही, म्हणाली तपासणी.
मी बायोसमध्ये उतरले, खाली, आणखी खाली,
तिथे एका ओळीत ती होती,
कुणीतरी कारखान्यातच बंद करून ठेवलेली.
चालू केली. जुवाटकरांनी टेबलावर
उगाच थाप मारली, पंच सरकलं.

पुन्हा तपासलं. हिरवी खूण, हिरवी, हिरवी,
मग लाल.
प्रोसेसर सातव्या पिढीचा.
"आठवी लागते," मी म्हटलं.
"अगो, आमच्यात सात पिढ्यो म्हणजे घराणां!"

दाऊद मुकादम, चेअरमन, दारात उभे होते,
पोटऱ्यांवर खवले चिकटलेले.
बिघडलंय काय, त्यांनी विचारलं.
काहीच नाही.
मग नापास कशात?
वयात, मी म्हटलं आणि जीभ चावली,
जुवाटकर मार्चला निवृत्त होणार आहेत.

मुकादम हसले नाहीत. म्हणाले,
मी नवं इंजिन घेतलं तेव्हा
गिर्याचा सुतार आधी होडीला विचारत होता.
वाकशाच्या दांड्यानं फळी फळी ठोकत, कान लावून.
इंजिन विकणारा विचारायला आला नव्हता.

शेवटी दुसरा पेनड्राइव्ह लावला,
फुकटातली, हलकी प्रणाली, अंगानं बारीक.
यंत्र एकदा घुरघुरलं, आणि उठलं.
पूर्वीपेक्षा लवकर उठलं, तेही सांगते.
तेवढ्यात लाइट गेली, यूपीएस ओरडत राहिला,
आली तेव्हा पुन्हा उठलं.

मग डिझेलची यादी उघडली
आणि तिच्यात मराठीच नव्हती.
जुना फॉन्ट जुन्या घरातच राहिलेला.
परकी अक्षरं, टोप्या, कंस, तिरके दांडे,
एकशे बारा होड्या जाळ्यातल्या कचऱ्यासारख्या.

मी काही बोलायच्या आत
जुवाटकरांनी चष्मा कपाळावर घेतला,
स्क्रीनवर बोट ठेवलं.
"हीऽऽ सातेरी प्रसाद. ही रामेश्वर कृपा.
ही अल मदिना, मुकादमांची."
कसं कळतं?
"मीच टाइप केलेली मां."

मी नव्या अक्षरांत टाइप करत गेले,
ते सांगत गेले, भजी गार होत गेली.
सत्तेचाळिसाव्या ओळीवर बोट थांबलं.
"दर्याराणी," म्हणाले.
मुकादम बाहेर पाण्याकडे बघायला लागले.

ही अजून आहे का, मी विचारलं.
"यादीत आसा."
मी टाइप केलं. डिझेलच्या रकान्यात
त्यांनी शून्य सांगितलं, तेही टाइप केलं,

आणि अठ्ठेचाळीस.